रांजण

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत, माजघराच्या दाराला लागून एक रांजण होता. त्याचा तळ जमिनीत वीतभर पुरलेला होता, भोवती वाळू होती आणि ती कायम ओली असायची. तोंडावर लाकडी फळी, फळीवर उपडा तांब्या आणि लांब दांड्याचं ओगराळं. तांब्या रांजणात बुडवायचा नाही, ओगराळ्यानेच पाणी काढायचं, असा घरचा कायदा होता. आठ-दहा घागरी पाणी त्याच्या पोटात मावायचं. पहाटे आई आणि काकू ओढ्याकाठच्या विहिरीवरून खेपा करायच्या. एकेक घागर रांजणावर तिरकी झाली की पाण्याचा आवाज आधी खोल, मग भरीव, मग अगदी वर आल्यासारखा ऐकू यायचा. त्या आवाजावरून आजीला अंथरुणातूनच कळायचं की अजून दोन खेपा बाकी आहेत.

एकदा सारवण्यासाठी रांजण हलवावा असं कोणीतरी सुचवलं, तेव्हा आजी म्हणाली होती, "रांजण हलवायचा नसतो रे. त्याच्यापाशी आपण जायचं असतं."

हा शब्द धुंडाळायला लागल्यापासून आजीचं ते वाक्य मला पुनःपुन्हा आठवतं. मराठी घरात पाण्याच्या भांड्यांना काही तोटा नाही. घागर, कळशी, हंडा, डेरा, माठ, केळी, बिंदगी, गाडगं, मडकं, बोळकं, सुगड, प्रत्येकाचा आकार वेगळा आणि काम वेगळं. यातली बरीचशी भांडी चालती आहेत. घागरीला बाईच्या डोक्यावर चुंबळ असते, कळशी कमरेवर बसते, बोळकं मुलाच्या हातात मावतं. रांजणाला मात्र एकच जागा. तो एकदा बसला की बसला. बाकीची भांडी त्याच्याकडे येतात, त्याच्यात रिती होतात आणि परत जातात. या शब्दाचे जेवढे अर्थ मला सापडले त्या बहुतेकांच्या मुळाशी हाच गुण आहे, एका जागी बसून येईल ते पोटात घेण्याचा.

एवढं मोठं भांडं बनतं कसं, हे कुंभारवाड्यात बसून पाहण्यासारखं आहे. रांजण अख्खा चाकावर चढत नाही, इतकी ओली माती उभी राहूच शकत नाही. कुंभार चाकावर गळा आणि खांदा तेवढा उतरवतो. पोट जाडजूड ठेवून थोडं सुकू देतो. माती ना ओली ना कोरडी, अशा नेमक्या वेळी तो एका हाताने आतून दगडी गोळा धरतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापटणं मारत राहतो. गोळा आणि थापटणं यांच्यामध्ये मातीची भिंत पातळ होत जाते, पसरत जाते आणि रांजणाचं पोट फुगू लागतं. मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळलेली असते. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक भोकं उरतात. त्या भोकांतून झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगावर येऊन उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती बरीचशी आतल्या पाण्यातूनच जाते, म्हणून रांजणातलं पाणी उन्हाळ्यातही गार. पुढे काही वर्षांनी पाण्यातले क्षार त्या भोकांत बसतात, रांजण बाहेरून कोरडा राहायला लागतो आणि घरातली माणसं म्हणतात, रांजण म्हातारा झाला. मग त्यात पाण्याऐवजी धान्य भरायचं. आमच्याकडे अशा एका रांजणात हुलगे असायचे.

पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ यायचं तेव्हाची एक गोष्ट आता फारशी कोणी करत नाही. निवळीची बी असते, चपट्या बटणासारखी. रिकाम्या रांजणाच्या आतल्या अंगाला ती ओल्या हाताने घासायची आणि मग पाणी भरायचं. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसायचा. बीमधला चिकट अंश मातीच्या तरंगत्या कणांना एकमेकांशी बांधतो, कण जड होतात आणि खाली उतरतात. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात. गढूळ पाणी निवळतं या क्रियापदाशी त्याचं मराठी नाव किती चपखल बसतं, हे रांजण घासताना कधी सुचलं नव्हतं.

आता शब्दाकडे. अमरकोशात मोठ्या जलकुंभासाठी दोन शब्द शेजारी शेजारी दिले आहेत, अलिंजर आणि मणिक. पालीत हाच अलिंजर अरंजर या रूपात भेटतो. व्युत्पत्ती शोधणारे आपला रांजण या अलिंजर-अरंजराशी जोडतात आणि मराठीच्या सवयी पाहिल्या की ही जोडणी पटते. सुरुवातीचा 'अ' गळणं मराठीला नवं नाही. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला. अनुस्वाराआधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होणं हेही नेहमीचं. उरला शेवटचा 'र'. एकाच शब्दात दोन 'र' आले की जीभ अडखळते आणि त्यातला एक बदलून टाकते. तिने दुसऱ्याचा 'ण' केला. अरंजर म्हणून पाहा आणि लगेच रांजण म्हणा, दुसरा शब्द तोंडात किती सहज बसतो ते जाणवेल.

या अलिंजराची सगळ्यात सुंदर हजेरी महाभारतात आहे, वनपर्वात. मनूला नदीकाठी एक चिमुकला मासा भेटतो आणि मोठ्या माशांपासून मला वाचव म्हणतो. मनू त्याला घरी आणतो आणि अलिंजरात ठेवतो, म्हणजे रांजणातच. शतपथ ब्राह्मणात हीच गोष्ट याहून जुन्या रूपात आहे, तिथे भांड्याचं नाव कुंभी आहे. मासा वाढतो, रांजणात मावेनासा होतो. मग त्याला तळ्यात, तळ्यातून गंगेत, गंगेतून समुद्रात न्यावं लागतं. पुढे प्रलय येतो तेव्हा तोच मासा मनूची नाव ओढून नेतो. साऱ्या सृष्टीचं बियाणं वाचवणारा तो जीव आधी कुणाच्या तरी घरातल्या पाण्याच्या रांजणात वाढला, ही कल्पना ज्याने केली त्याने घरातला रांजण रोज पाहिला असणार.

जुन्नरच्या लेण्यांत या घरगुती साठवणीचा दुसरा पुरावा दगडावर कोरलेला आहे. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत आणि त्यांच्यातल्या प्राकृत लेखांत एक शब्द वारंवार येतो, पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. यातल्याच एका लेण्यात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दान दिल्याचा लेख आहे. धान्य साठवणाऱ्यांनी पाणी साठवण्याची जागा दान केली, हे मला फार जवळचं वाटतं. पोढी हा शब्द आपल्या तोंडातून गेला. टाकं राहिलं, रांजण राहिला.

जुन्नरहून पश्चिमेला ३० किलोमीटरच्या आसपास गेलं की नाणेघाट येतो. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून आलेला माल हा घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. यज्ञ, दक्षिणेत दिलेल्या गायी, कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात आहेत आणि ब्राह्मी अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते मोजले जातात. गुहेपासून थोडं वर, घळीच्या तोंडाशी एक रांजण आहे, मातीचा नव्हे, दगडातून कोरून काढलेला, गोल पोटाचा. इथून जाणारा प्रत्येक व्यापारी यात जकातीची नाणी टाकायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि घाटाचं नावही त्या नाण्यांवरून पडलं म्हणतात. शेजारच्या कड्याला नानाचा अंगठा म्हणतात, त्यामुळे नावाची दुसरी कथाही आहेच. जकातीची गोष्ट परंपरेची आहे, लेखाची नाही. पण ती इतकी टिकली याचं कारण मला रांजण या शब्दात दिसतं. पेटी म्हटली असती तर ती कोणी उचलून नेली असती, थैली म्हटली असती तर ती कोणाच्या तरी कमरेला असती. घाटाच्या तोंडाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाकडून थोडं थोडं घेत राहणारी वस्तू कोणती, असं गावच्या माणसाला विचारलं तर तो रांजणच म्हणेल. बैलांचे तांडे चढून यायचे, दम खायचे, रांजण भरायचे आणि पुढे जायचे. खेपा करणाऱ्या बायका आणि पडवीतला रांजण यांचंच हे मोठं चित्र आहे.

आणि याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला, पैठणला, एकनाथांच्या वाड्यात अजून एक रांजण आहे. नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं कावडीने गोदावरीचं पाणी वाहत होता आणि तो गडी म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता, ही कथा महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक आजही तो रांजण पाण्याने भरतात. देवाला मराठी माणसाने सोन्याच्या सिंहासनावर बसवलं, विटेवर उभं केलं, पण श्रीखंड्याच्या गोष्टीत त्याला जे काम दिलं ते घरातल्या बाईचं रोजचं काम होतं. माझ्या आजीच्या मनात श्रीखंड्याविषयी जी माया होती तिचं मूळ भक्तीइतकंच खांद्याच्या दुखण्यात असावं. पाणी वाहणं म्हणजे काय हे देवाला कळलंय, याचा तिला आधार होता.

भरत जाण्याचा हाच गुण एका गोष्टीत भीतीदायक होतो. वाल्याच्या मराठी कथेत प्रत्येक पापामागे एक खडा रांजणात टाकला जातो आणि असे सात रांजण भरतात. पुराणांत या कथेची निरनिराळी रूपं आहेत, पण खड्यांनी भरलेले रांजण हे आपल्या कीर्तनाचं आणि आजीच्या गोष्टीचं वैशिष्ट्य. गोष्ट सांगणाऱ्याने पापं मोजायला आकडा वापरला नाही, वही वापरली नाही. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात सावकाश भरणारी वस्तू घेतली. रांजण भरायला किती खेपा लागतात हे ऐकणाऱ्या प्रत्येकीच्या अंगात मुरलेलं होतं, त्यामुळे सात रांजण म्हटल्याबरोबर तिच्या अंगावर काटा येई. पापाचा घडा भरतो असंही आपण म्हणतो. घडा भरला की फुटतो, न्याय होतो, संपतं. वाल्याचे रांजण मात्र भरूनही तिथेच राहतात. नारद त्याला भेटतात आणि तो जप करायला बसतो, तेही एकाच जागी, अंगावर वारूळ चढेपर्यंत. ही जोडी कथाकाराने जाणून केली असेल का, ते असो. मला ती दिसते.

शब्द मात्र नेहमी सरळ वाटेने येत नाहीत. आंबेगाव तालुक्यात रांजणी नावाचं गाव आहे, शिरूर तालुक्यात अष्टविनायकातलं रांजणगाव आहे. या गावांची नावं रांजणावरून पडली असं पटकन वाटतं. पण खिरणीच्या झाडालाही रांजण, रांजणी म्हणतात. पिवळ्या, गोड, चिकाळ फळांचं, शंभर-शंभर वर्षं उभं राहणारं ते सावकाश वाढणारं झाड. त्याचं संस्कृत नाव राजादन, गुजरातीत ते रायण झालं. म्हणजे एका मातीच्या भांड्याचं नाव आणि एका झाडाचं नाव दोन वेगळ्या घरांतून निघाली आणि मराठीत येऊन सारखी दिसायला लागली. गावांना झाडांची नावं देण्याची आपली रीत पाहिली, वडगाव, पिंपळगाव, जांभूळवाडी, खुद्द आंबेगाव, तर रांजणी आणि रांजणगाव ही नावं झाडावरून आली असावीत असंच मला वाटतं. भांड्यावरून गाव वसत नाही, सावलीवरून वसतं.

नावात रांजण ऐकू येतो असा आणखी एक शब्द म्हणजे पापणीच्या कडेला येणारी रांजणवाडी. पापणीतल्या तेलाच्या बारीक ग्रंथीत जंतू वाढले की तिथे टपोरा, दुखरा फोड येतो. गरम कपड्याने शेक दिला की बहुतेक वेळा आपोआप बसतो, मात्र तो पिळायचा नाही. आमच्याकडे तळहातावर बोट घासून त्याची ऊब डोळ्याला द्यायचे. उपाय तोच होता, फक्त फडकं धुवायचं वाचायचं.

आंबेगाव हे मूळ गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. डिंभ्याचं पाणी घोड नदीचं. ही घोड भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावून आमच्या तालुक्यातून वाहत शिरूरकडे जाते आणि शिरूरच्या खाली तिच्या काठावर इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झे. दा. अन्सारी यांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव त्यांनी मातीतून वर काढलं. घरं, चुली, धान्याच्या कणग्यांची जागा, पाटाचं पाणी, सगळं.

तिथली मयतांची रीत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर मनातून गेली नाही. लहान मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांच्या पोटात त्या मुलाला घराच्या जमिनीखालीच पुरायचं, अंगणाबाहेरही न्यायचं नाही. मोठ्या माणसाला सरळ निजवून पुरायचे, पण घोट्याखाली पाय तोडून. मेलेला माणूस उठून दूर जाऊ नये, घराभोवतीच राहावा, अशी त्यामागची समजूत असावी असं अभ्यासकांना वाटतं. या सगळ्यांत एक पुरुष वेगळा निघाला. त्याचे पाय शाबूत होते आणि तो मांडी घालून बसवलेला होता, मातीच्या एका मोठ्या रांजणात. त्या रांजणाला चार बुटके पाय होते. तो गावचा प्रमुख असावा असा अंदाज आहे.

इनामगावच्या लोकांची भाषा कुठली ते बाजूला ठेवू. त्यांच्या त्या भांड्याला मी रांजण म्हणतो, कारण दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. पडवीतला रांजण पाहिलेल्या माणसाला त्या माणसाचं बसणं कळतं. ज्यांना जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना त्यांनी घराखाली कुंभात ठेवलं, आणि ज्याचा मान मोठा त्याला रांजणात बसवलं.

जुन्नरची कुकडी नाणेघाटाच्या अलीकडे, पूर गावाजवळ कुकडेश्वराच्या देवळापाशी उगम पावते. चावंडच्या पायथ्याजवळून, माणिकडोह आणि येडगावची धरणं भरत ती पूर्वेला निघते आणि पुढे याच घोडेला मिळते. त्याआधी पारनेर आणि शिरूर तालुक्यांच्या हद्दीवर निघोजला ती काळ्या खडकावरून वाहते. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी शिकलेले रांजणखळगे इथेच आहेत. गावची माणसं त्यांना कुंड म्हणतात आणि शेजारी मळगंगा देवीचं देऊळ आहे. पुस्तकातल्या चित्रात ते खळगे नुसते गोल दिसतात. प्रत्यक्षात काठावर उभं राहून खाली वाकलं की कळतं की हे नाव नकाशा काढणाऱ्याने दिलेलं नाही, रांजण पाहिलेल्या माणसाने दिलेलं आहे. तोंड अरुंद, पोट रुंद, भिंती गुळगुळीत, काहींना तर गळ्यासारखी कडही आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. त्याच्या अंगावर कुठेतरी भेग असते, पोकळी असते, तिथे पुराचं पाणी भोवरा घेतं. भोवऱ्यात एखादा दगड अडकतो आणि गरगर फिरत खडक घासू लागतो. दगड झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. खळगा खोल होतो तसा भोवरा आत उतरतो आणि भिंती आतून कोरल्या जातात. म्हणून तोंडापेक्षा पोट मोठं. दोन शेजारच्या खळग्यांमधली भिंत झिजून गेली की दोन रांजणांचा एक होतो आणि अशानेच नदीचं पात्र खडकात खोल जातं.

गेल्या उन्हाळ्यात पात्र कोरडं होतं तेव्हा मी तिथे गेलो होतो. मोठ्या कुंडांत हिरवं पाणी होतं, पण काठाजवळ एक छोटा खळगा होता, आमच्या हुलग्यांच्या रांजणाएवढा. मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातला. तळाशी थोडी वाळू होती, थोडा गार चिखल होता आणि त्यात रुतलेला एक दगड, मुठीएवढा, गुळगुळीत, लिंबासारखा गोल. कुंभाराच्या हातातला गोळा असतो अगदी तसा. बाहेर काढून धुतला, उन्हात धरला. मग परत हात घालून जिथे होता तिथे ठेवला. पाऊस यायला अजून महिना होता.